काकू, परवाच्या बोरनहाणासाठी मनापासून आभार

सोलापूर

ती. काकूंस सा. न.

तुम्ही म्हणाल, समोरच्या दारात राहते आणि पत्र काय लिहिते. पण तोंडावर काही बोलायला गेलं की तुम्ही "असू दे की गं, त्यात काय एवढं" म्हणून विषय उडवून लावता. म्हणून लिहिते, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहिते.

लेकीच्या मागच्या दाढा किडल्या तेव्हापासून आमच्या घराने गोडाची धास्तीच घेतली होती. दातांच्या डॉक्टरांनी तिच्यादेखत "आईचं लक्ष नाही" असं सुनावलं, गोड बंद म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. मग लेकराला द्यायचं काय, कधी द्यायचं, याबद्दल एक शब्द नाही. नातेवाइकांचं दुसरंच. "दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत." अहो, पुढचे लवकर पडतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात. तोवर तिने चावायचं कशाने? एका दुकानातून 'साखरविरहित' लाडूंचा महागडा डबा आणला, तर मागे बारीक अक्षरांत ग्लुकोज सिरप. लहान मुलांच्या खाण्यात अशी फसवणूक करताना या लोकांना काहीच कसं वाटत नाही?

तुम्ही मात्र मला एकदाही काही सुनावलं नाहीत. ओट्याशी बोलावलंत आणि शेंगा भाजायला लावलंत. मंद आचेवर, साल आपसूक सुटेपर्यंत. "शेंग नीट भाजली की तिलाच गोडी येते, गूळ कमी लागतो," हे तुम्ही सांगितलंत. जाडसर कूट, भाजलेले तीळ, वेलदोडा, गूळ अगदी बेताचा. पाक नाहीच, कारण चिक्की दातात चिकटून बसते. लाडू सुपारीएवढा, जेवणावर एकच, आणि वर खळखळून चूळ. धाकट्याच्या घशात दाणा अडकू नये म्हणून त्याच्या वाटणीचं कूट तुम्ही वेगळं, बारीक करून द्यायचात. आणि गुळाचं कौतुक कधीच केलं नाहीत. "दाताला साखर काय अन् गूळ काय, सारखंच." गूळ घातला की झालं पौष्टिक, असं सांगत फिरणाऱ्यांनी हे ऐकायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली साखरेतून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, जमलं तर पाचच्याही आत ठेवायला सांगितलं, तेव्हा मधसुद्धा त्यातच धरला होता. तुम्हाला ते कुठे वाचावं लागलं नाही.

पण मला खरं बोलायचंय ते तुमच्या नातवाच्या बोरनहाणाबद्दल.

हल्ली बोरनहाण म्हटलं की डोक्यावरून चॉकलेटं, जेली आणि रंगीत गोळ्याच ओततात, बोरं नावाला. अशा ठिकाणी माझी लेक हाताला लागलेली वस्तू मुठीत धरून माझ्याकडे यायची आणि विचारायची, "आई, हे चालतं का?" बाकीची लेकरं लूट गोळा करतायत आणि हिची मूठ माझ्यापुढे उघडलेली. मला ते बघवायचं नाही. तुमच्याकडे येताना तिच्यासाठी डब्यात वेगळं काही घ्यावं असं मनात होतं, पण तुम्ही आदल्या दिवशीच "काही आणू नको" म्हणालात.

आणि तुमच्या परातीत होतं काय? बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भाजलेल्या शेंगा, ज्वारीच्या लाह्या आणि कागदात गुंडाळलेले तुमचे ते सुपारीएवढे लाडू. एकही चॉकलेट नाही. हलवा तेवढा नातवाच्या अंगावरच्या दागिन्यांत. लेकीने फ्रॉकची झोळी केली, ती भरली, सांडलेलं उचलायला पुन्हा वाकली. माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही, काकू. विचारायला आलीच नाही.

पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "चॉकलेटं नाहीत काय ओ?" तुम्ही म्हणालात, "आमच्यात असंच असतंय." बस. माझ्या लेकीचं नाव नाही, तिच्या दाढांचा विषय नाही. सूनबाईंनी नंतर सांगितलं नसतं तर मलासुद्धा कळलं नसतं. तुमच्या घरचं कार्य, पहिला नातू, लोक नावं ठेवणार हे माहीत असून तुम्ही शेजारच्या पोरीसाठी सगळी परात बदललीत. तिला वेगळी वाटी देणं किती सोपं होतं! ते तुम्ही केलं नाहीत, याचे आभार कसे मानू?

सल्ले देणारे पैशाला पासरी मिळतात. मदत करून ती वर्षभर बोलून दाखवणारेही आपण बघतोच. लहान लेकराचाही मान राखणारं, त्याला चारचौघांत ओशाळवाणं होऊ न देणारं माणूस शेजारी असणं हे आमचं भाग्य आहे, आणि अशी माणसं अजून आहेत म्हणून पोरांना बिनधास्त खेळायला सोडता येतं.

रथसप्तमीला आमच्या धाकट्याचं बोरनहाण करतेय. कुणी चॉकलेटं आणू नका, असं सगळ्यांना आधीच सांगून टाकलंय. तीळ आणि शेंगा मी आणून ठेवते, भाजायला मात्र तुम्हीच या. लाडू वळायला तुमच्याशेजारी कोण बसणार यावरून इथे दोघांची भांडणं सुरू झालीत.

तुमची,
समोरच्या घरातली