घरात पाणी आलं होतं का, हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी ऐरोलीची. सिडकोच्या बैठ्या घरात वाढले. लग्नानंतर नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेले आणि चौदा वर्षांनी, गेल्या जूनमध्ये, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आईकडे परत आले. नवरा अजून तिकडेच आहे, कारण आमचं तिथलं घर विकलं जात नाही. ते कुणी घ्यायला तयार नाही आणि सोडून येताही येत नाही. परदेशातल्या घराचं गाऱ्हाणं आपल्याकडे कशाला, असं आपल्याला वाटेल. माझं मागणं इथलंच आहे, ठाणे-नवी मुंबईतलं. पण ते का करते आहे, ते आधी सांगायला हवं.

2017 साली आम्ही नॉटिंगहॅमशायरमध्ये नवीन वसाहतीत घर घेतलं. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर तीन खोल्या, मागे थोडी बाग. वसाहतीच्या कडेने एक ओढा वाहतो आणि पुढे जाऊन ट्रेंट नदीला मिळतो. घर दाखवणाऱ्या मुलीने ओढ्याचं कौतुकच केलं होतं, बदकं येतात म्हणाली. वकिलाच्या अहवालात पुराचा धोका ‘मध्यम’ लिहिला होता. म्हणजे वर्षाला शंभरात एकापेक्षा कमी, हजारात एकापेक्षा जास्त शक्यता. आम्ही दोघं शिकलेली माणसं. तो आकडा वाचला, पान उलटलं आणि सही केली.

ऑक्टोबर 2023 मध्ये बॅबेट वादळ आलं. तिथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता लागून राहतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला खाली उतरले, तर जिन्याची शेवटची पायरी दिसेना. मातकट, थंडगार पाणी गुडघ्याच्या जरा खाली होतं, आणि त्यात मुलीचं दप्तर तरंगत होतं. मुलीला आम्ही वरच थांबवलं. वीज गेली होती. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना खिडकीतून हाक मारत राहिलो, त्या उत्तर देत होत्या तोवर धीर होता.

पाणी दीड दिवसात ओसरलं. खरं दुखणं त्यानंतरचं. आजीने दिलेली पितळेची परात सोडली तर गालिचे, सोफा, स्वयंपाकघराची कपाटं, खालचं सगळं दारासमोरच्या लोखंडी कचरापेटीत गेलं. भिंतींचं प्लास्टर मीटरभर उंचीपर्यंत खरवडून काढलं. ओल शोषणारी यंत्रं आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस घोंघावत राहिली. गावातल्या मराठी मंडळींनी पाळी लावून जेवण पुरवलं. त्या दिवसांतल्या पिठलं-भाताची चव मी विसरणार नाही. घर थोडं सुकत आलं होतं. तेवढ्यात जानेवारी 2024 च्या दुसऱ्या तारखेला हेंक वादळ आलं, ट्रेंट फुगली आणि ओढ्याचं पाणी पुन्हा आत शिरलं. अकरा आठवड्यांत दोनदा.

मुलगी तेव्हापासून बूट उशाशी घेऊन झोपते. ऐरोलीत आल्यावरही.

आता विम्याचं. ब्रिटनमध्ये पुराच्या पट्ट्यातल्या घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून 2016 पासून ‘फ्लड री’ नावाची योजना आहे. तिचा आधार 1 जानेवारी 2009 पासून पुढे बांधलेल्या घरांना मिळत नाही. पूरक्षेत्रात नवी घरं बांधायला उत्तेजन मिळू नये, हा त्यामागचा विचार. विचार योग्य आहे, पण त्याची शिक्षा बांधणाऱ्याला होत नाही, घेणाऱ्याला होते. घर नवं आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो आणि नवं असल्यामुळेच उघड्यावर पडलो. विमा कंपनीने नूतनीकरणाच्या वेळी अट घातली की पुराच्या नुकसानीतले पहिले 15 हजार पौंड आम्हीच सोसायचे. त्यातच गृहकर्जाच्या जुन्या स्वस्त व्याजदराची मुदत संपली. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर 2021 मध्ये 0.1 टक्का होता, तो ऑगस्ट 2023 पर्यंत 5.25 टक्क्यांवर गेला होता. आमचा हप्ता दीडपट झाला. बुडालेल्या घराचा.

विकायला काढलं. तिथे घर विकणाऱ्याला एक छापील फॉर्म भरून द्यावा लागतो. त्यात सरळ प्रश्न असतो: या घरात किंवा आवारात कधी पुराचं पाणी आलं होतं का? आम्ही खरं ते लिहिलं. पहिलं जोडपं तो फॉर्म वाचून गेलं. दुसऱ्यांना घर आवडलं होतं, पण पुराचा विमा नीट मिळत नाही म्हटल्यावर त्यांच्या बँकेने कर्ज नाकारलं. तिसरं गिऱ्हाईक अजून आलेलं नाही. घर रिकामं ठेवलं तर आमच्या पॉलिसीप्रमाणे तीस दिवसांनंतर संरक्षण थांबतं, म्हणून नवरा वरच्या मजल्यावर एकटा राहतो. रात्री फोन केला की आधी पावसाचं सांगतो.

इकडे नातेवाईक म्हणतात, तुम्हाला काय, पौंडात कमावता. मी बोलत नाही. परदेशात गेलेल्या माणसाने हरल्याचं सांगायचं नसतं, असा आपल्याकडे रिवाजच आहे. आज इथे लिहिते आहे, कारण इथे आल्यावर जे पाहिलं ते गप्प बसू देत नाही.

आईच्या घराजवळ भाड्याने न राहता लहानसा फ्लॅट घ्यावा म्हणून गेले चार महिने मी बाळकूम, घोडबंदर रोड, कळवा, दिवा, थेट कल्याण-बदलापूरपर्यंत फिरले. प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं: पावसाळ्यात, भरतीच्या वेळी इथे पाणी कुठवर येतं? एका ठिकाणी मला तरणतलाव दाखवला. एका ठिकाणी सांगितलं, मॅडम, तुम्ही तर बाराव्या मजल्यावर. बाराव्या मजल्यावरच्या माणसाची पाण्याची टाकी, पंप, मीटरची खोली, लिफ्टचा खड्डा, गाडी, सगळं खालीच असतं ना? पूररेषेचा नकाशा मागितला तेव्हा तर समोरच्या मुलाला शब्दच माहीत नव्हता. त्याचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

साहेब, हा शब्द आपल्याच सरकारचा आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. जलसंपदा विभाग या रेषा आखतो. बदलापूर-कल्याणवरून वाहणारी उल्हास नदी काय करू शकते हे 27 जुलै 2019 रोजी वांगणीजवळ अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने सगळ्या देशाला दाखवलं. हजारावर प्रवासी बोटींतून बाहेर काढावे लागले. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर मी पाहिलेल्या प्रकल्पांचे मंजूर नकाशे, बोजा, कोर्टातले दावे वाचता आले, आणि 2017 पासून ही सोय आहे याबद्दल मला मनापासून आदर आहे. पाण्याबद्दल मात्र एक ओळ सापडली नाही. मला दाखवलेल्या करारनाम्याच्या मसुद्यांतही नाही.

नवी मुंबईचं तर काय सांगावं. खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभं केलेलं शहर. ते वसवणाऱ्यांना पाण्याची जाण होती, म्हणून त्यांनी धारण तलाव बांधले. भरती आली की झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. आज त्या तलावांत गाळ साठला आहे आणि गाळावर कांदळवन उगवलं आहे. कांदळवन तोडा असं मी म्हणणार नाही, तेच खाडीला थोपवतं. पण ज्या तलावाच्या भरवशावर सेक्टर उभा आहे त्यात आता किती पाणी मावतं, हे त्या सेक्टरमध्ये घर घेणाऱ्याला कळायला नको? आमच्या गल्लीत रस्ता दर काही वर्षांनी जुन्या थरावर नवा थर चढवून उंच होत गेला. बाबांनी जोतं वाढवलं, शेजाऱ्यांनी वाढवलं, ज्यांना जमलं नाही त्यांच्या घरात उतरून जावं लागतं.

माझं मागणं एवढंच आहे. जो फॉर्म भरल्यामुळे माझं घर अडकलं, तोच फॉर्म महाराष्ट्रात आणा. नवं घर असो की जुनं, टोकनचा पहिला रुपया घेण्याआधी विकणाऱ्याने साध्या मराठीत लिहून द्यावं: जागा निळ्या-लाल रेषेच्या आत आहे की बाहेर, मोठ्या भरतीला आवारात पाणी येतं का, या जमिनीवर आधी पाणी कधी आणि किती उंच आलं होतं, भराव किती घातला आहे. टक्केवारी नको, टक्केवारीने आम्हाला फसवलं नाही तरी काही सांगितलंही नाही. गुडघा, कंबर, छाती असं लिहा. आणि लिहिलेलं खोटं ठरलं तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्याच कागदावर असू द्या. बाई म्हणून मला मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळेल, त्याबद्दल मी सरकारची ऋणी आहे. पण ही माहिती मला त्या सवलतीहून मोलाची आहे.

यामुळे घरांच्या किमती पडतील, असं आपल्याला सांगितलं जाईल. काही घरांच्या पडतील. माझ्या पडल्या आहेत आणि तरी मी त्या फॉर्मवर खोटं लिहिलं असतं तर आज दुसरी एखादी मुलगी बूट उशाशी घेऊन झोपली असती. अडकलेल्या जुन्या घरमालकांचं काय करायचं, त्यांना विमा कसा द्यायचा, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. तो सरकारनेच सोडवायला हवा. पण त्यासाठी आधी खरं कागदावर यायला हवं.

26 जुलै 2005 च्या रात्री आमच्या या घरात पाणी पलंगाला लागलं होतं. ते ओसरल्यावर बाबांनी स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली. बाबा गेले. आईने त्यानंतर तीनदा घर रंगवलं, ती रेघ तशीच ठेवली. या पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असेल अशा कुठल्याही दिवशी आपण ऐरोलीला या. मी ती रेघ दाखवते, मग धारण तलावापर्यंत चालत जाऊ.

आपली,
ऐरोलीची एक रहिवासी