नीटला नंबर न लागलेल्या पोरांसाठी एका लॅबवाल्याची गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नीटचा निकाल लागला त्या आठवड्यात आपल्या पेपरात दोन पानं भरून पोरापोरींचे फोटो आले, पेढे भरवतानाचे, आईवडिलांबरोबरचे, क्लासवाल्यांच्या जाहिराती वेगळ्याच. त्या पोरांचं कौतुक व्हायलाच पाहिजे, रात्र रात्र जागलेली असतात ती. पण त्याच दिवशी आमच्या गल्लीतला एक पोरगा दार लावून आत बसला होता. दुसऱ्यांदा परीक्षा दिलेली, रिपीटर बॅचची फी घरच्यांनी सोसायटीचं कर्ज काढून भरलेली, आणि कट-ऑफच्या खाली राहिला. त्याची आई आमच्याकडे येऊन म्हणाली, मामा जरा बोला की त्याच्याशी, कालपासनं जेवलेला नाही, तुम्ही दवाखान्यातले आहात तुमचं ऐकेल. मी दवाखान्यातला म्हणजे पॅथॉलॉजी लॅबमधला, चौतीस वर्षं टेक्निशियन म्हणून काम करून निवृत्त झालेलो. डॉक्टर नाही. पण त्या पोराला मी ज्या माणसाची गोष्ट सांगितली ती तुमच्या पेपरातनं सगळ्यांपर्यंत जावी असं मनापासून वाटलं म्हणून हे पत्र.

त्या माणसाचं नाव ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड. १९१२ साली न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तीत जन्मला, आईवडील पोलंडकडनं आलेले ज्यू, बाप बुट्ट्या विणून विकायचा, फुलांच्या बुट्ट्या, घोडागाडीवर घालून. पोरगा शिकला ते फी नसलेल्या सरकारी सिटी कॉलेजात. डॉक्टर व्हायचं होतं त्याला. बऱ्याच मेडिकल कॉलेजांत अर्ज केले, एकाही ठिकाणी घेतलं नाही, त्या काळात तिथं ज्यू पोरांना मोजक्याच जागा द्यायचे. मग १९३३ साली एका लॅबमध्ये हाताखालचा माणूस म्हणून लागला आणि १९३५ पासनं न्यूयॉर्क महापालिकेच्या आरोग्य खात्याशी जोडलेल्या लॅबमध्ये, काम काय तर खाण्याच्या पदार्थांत जी व्हिटॅमिन घालतात ती बरोबर आहेत का बघायचं. अकरा वर्षं तेच काम. तिथंच अमोनियाची बाटली फुटून डावा डोळा गेला. एम. एस. केलं ते रात्रीच्या क्लासला जाऊन, नोकरी सांभाळून, १९४१ मध्ये. पीएचडी मिळाली तेव्हा वय त्रेचाळीसच्या आसपास. आणि १९७० साली नोबेल.

हे ऐकल्यावर तो पोरगा पहिल्यांदा मान वर करून बघितला.

पण मला नोबेलचं एवढं नाही, मला त्याच्या कामाचं आहे, कारण त्या कामाचा माझ्या अक्काच्या जिवाशी संबंध आहे. ते सांगतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, खानापूर तालुक्यात दिलेली. पंधरा-सोळा वर्षांखालची गोष्ट. तिला मधनंच कधीतरी झटका यायचा, डोकं फुटल्यासारखं दुखायचं, छातीत धडधड, अंगाला असा घाम सुटायचा की लुगडं बदलावं लागायचं, चेहरा पांढराफट्ट, आणि तोंडानं एकच, मी मरणार, पोरांना बोलवा. पंधरा-वीस मिनिटांत सगळं शांत. दवाखान्यात नेईपर्यंत बीपी नॉर्मल. एका डॉक्टरांनी सांगितलं टेन्शन आहे, दुसऱ्यांनी सांगितलं पाळी जायचं वय आहे, झोपेच्या गोळ्या दिल्या, घरात म्हणायला लागले बाहेरचं काहीतरी आहे, दोनदा कुठंकुठं नेऊन आणलं. तीन वर्षं गेली अशी. आणि मी लॅबमध्ये रोज शंभर सॅम्पल बघणारा माणूस, माझ्याही डोक्यात आलं नाही, हे मला अजून टोचतंय.

शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी झटका चालू असतानाच बीपी बघितलं तर वरचा २३० च्या पुढं. त्यांनी लगेच चोवीस तासांची लघवी तपासायला सांगितली, मेटानेफ्रिन नावाच्या पदार्थासाठी. तेव्हा ही टेस्ट आमच्याकडं होत नव्हती, सॅम्पल मुंबईला जायचं. रिपोर्ट आला तो नॉर्मलच्या कितीतरी पट. सीटीमध्ये दिसलं, उजव्या किडनीच्या डोक्यावर जी टोपीसारखी छोटी ग्रंथी असते, अ‍ॅड्रिनल, तिच्यात लिंबाएवढी गाठ. फिओक्रोमोसायटोमा. न्यूरोएन्डोक्राइन गाठींच्याच घराण्यातली. हे न्यूरोएन्डोक्राइन नाव आपल्या लोकांनी बहुतेक इरफान खानच्या वेळी, २०१८ मध्ये, पहिल्यांदा ऐकलं, आणि न्यूरो म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं मेंदूची गाठ, तेव्हा त्यानंच सांगितलं होतं की न्यूरो म्हणजे दरवेळी मेंदू असं नसतं. या गाठी मज्जातंतूंसारखे गुण असलेल्या आणि हार्मोन तयार करणाऱ्या पेशींच्या, त्या आतड्यात होतात, फुप्फुसात, स्वादुपिंडात, अ‍ॅड्रिनलमध्ये. अक्काची गाठ अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तात ओतायची. वाघ समोर आल्यावर शरीरात जे सुटतं तेच, वाघ नसताना. मी मरणार असं तिला वाटायचं ते मनाचं दुबळेपण नव्हतं, ते रसायन होतं.

आता अ‍ॅक्सेलरॉडचं सांगतो. १९५७ साल, तो अमेरिकेतल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत, एनआयएमएचमध्ये, कामाला होता. तिथं स्किझोफ्रेनियावर चर्चा चाललेली, त्या रोगात अ‍ॅड्रिनलिनचं शरीरात काहीतरी वेगळंच बनतं की काय अशी शंका होती. यानं शोधलं तर मुळात अ‍ॅड्रिनलिनचं शरीरात पुढं काय होतं तेच कुणाला धड माहीत नाही. आणि मग एके दिवशी त्याच्या वाचनात छोटासा गोषवारा आला, आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सोबत्यांचा, की फिओक्रोमोसायटोमाच्या पेशंटांच्या लघवीत व्हीएमए नावाचा पदार्थ भरपूर सापडतो. अक्काला झाली तीच गाठ! अ‍ॅक्सेलरॉडनं त्या पदार्थाची रचना बघितली, त्यात एक मिथाइल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचा छोटा तुकडा, जास्तीचा चिकटलेला. म्हणजे शरीरात असं एखादं एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, असलं पाहिजे की जे अ‍ॅड्रिनलिनला मिथाइल चिकटवतं. त्याच दुपारी त्यानं उंदराच्या लिव्हरचा अर्क घेऊन त्यात अ‍ॅड्रिनलिन घातलं, मिथाइल पुरवणारी सामग्री घातली, आणि अ‍ॅड्रिनलिन भराभर नाहीसं व्हायला लागलं. ते एन्झाइम म्हणजे सीओएमटी, आणि त्यातनं जे तयार झालं त्याला नाव पडलं मेटानेफ्रिन.

तेच मेटानेफ्रिन. अक्काच्या रिपोर्टवर छापलेलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. कुठल्यातरी पेशंटांनी लाज बाजूला ठेवून डब्यात लघवी गोळा करून दिली, कुठल्यातरी लॅबवाल्यानं ती तपासली, त्यावरनं एन्झाइम सापडलं, आणि आज त्याच गाठीसाठी जगभर पहिली टेस्ट कुठली करतात तर मेटानेफ्रिन, रक्तात नाहीतर लघवीत. याचं कारणही सांगण्यासारखं आहे, गाठ अ‍ॅड्रिनलिन सोडते ती मधनं मधनं, झटक्यासारखी, पण गाठीच्या आत सीओएमटी असतं आणि ते मेटानेफ्रिन सारखं तयार करत बसतं, त्यामुळं झटका नसतानाही गाठ पकडता येते. अक्काच्या तीन वर्षांत एखाद्यानं हे एकदा तपासलं असतं तर.

पुढं त्यानं मेंदूच्या रसायनांकडं मोर्चा वळवला. सगळ्यांची समजूत अशी की मज्जातंतूनं नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडलं की एन्झाइम ते मोडतं आणि काम संपतं. याला स्वतःचं सीओएमटी सापडलेलं, म्हणजे ही समजूत याच्या फायद्याचीच होती, पण सीओएमटी बंद पाडलं तरी नॉरअ‍ॅड्रिनलिनचा परिणाम संपायचा तो संपतच होता. मग किरणोत्सारी खूण लावलेलं नॉरअ‍ॅड्रिनलिन देऊन १९६१ च्या सुमारास त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी दाखवलं की मज्जातंतू ते परत आत ओढून घेतात, पुन्हा वापरायला. आणि डिप्रेशनवरचं इमिप्रामिन हे औषध हीच परत ओढायची क्रिया अडवतं. आज आपल्या घरोघरी कुणाच्या ना कुणाच्या डब्यात डिप्रेशनची नाहीतर भीतीच्या झटक्यांची गोळी असते, त्यातल्या बऱ्याच गोळ्या याच शोधावर उभ्या आहेत. झोपेशी संबंधित मेलाटोनिन मेंदूतल्या पिनियल ग्रंथीत सेरोटोनिनपासनं कसं बनतं त्यावरही त्यानं पुष्कळ काम केलं. १९८४ ला निवृत्त झाला तरी लॅब सोडली नाही, २००४ ला गेला, ९२ वर्षांचा होऊन.

अक्काचं ऑपरेशन बाहेरगावी झालं. आधी काही दिवस अल्फा ब्लॉकरच्या, म्हणजे त्या रसायनांचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम अडवणाऱ्या, गोळ्या देऊन बीपी ताब्यात आणावं लागलं, ही तयारी न करता या गाठीला हात लावला तर टेबलावरच पेशंट जाऊ शकतो. अक्का आता सत्तरीला आलीय, शेतात भाताची रोपं लावताना पुढं असते.

संपादक साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही निकालाच्या दिवशी ज्यांचे फोटो छापता त्यांच्याबरोबर एखादं पान या दुसऱ्या पोरांसाठी ठेवा. आपल्या भागातली कितीतरी मराठी मिडियमची पोरं, पीयूसी म्हणजे बारावी सायन्स करून नीटला अडकतात, मग बीएस्सी केमिस्ट्री, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, फार्मसी, मायक्रोबायोलॉजी असं काहीतरी घेतात आणि घरचे पाहुण्यांना सांगतात मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून हे घेतलं. पोरांच्या समोर सांगतात. ते ऐकत ऐकत पोरगं तीन वर्षं कॉलेजला जातं. त्या पोरांना कुणी सांगत नाही की पॅरासिटॅमॉल, जी गोळी आपण ताप आला की घेतो, ते एक जुनं विसरलेलं रसायन होतं आणि ते वेदनेवर काम करतंय हे १९४८ ला ब्रोडी या शास्त्रज्ञाबरोबर दाखवून दिलं ते याच लॅबवाल्या माणसानं, पीएचडी नसताना. मेडिकल संशोधन फक्त गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली माणसं करत नाहीत. आपल्या सायन्स कॉलेजातल्या प्राध्यापकांनी, लॅब चालवणाऱ्यांनी, औषध दुकानदारांनी लिहावं अशा माणसांबद्दल, तुम्ही जागा द्या. मी स्वतः कुठल्याही शाळेत कॉलेजात येऊन बोलायला तयार आहे, मानधन नको, बसभाडंही नको.

तो पोरगा त्या दिवशी उठून आमच्याकडंच जेवला. भाकरी आणि झुणका. परवा येऊन विचारून गेला की मामा ते एन्झाइम मेंदूत पण असतं काय. असतं म्हणून सांगितलं, आणि पुढचं तू वाच म्हटलं.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
शहापूर, बेळगाव

ता. क. चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगितली तर बरेच लोक चुकतात म्हणून लिहितो. सकाळी उठल्यावरची पहिली टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची, त्यानंतरची प्रत्येक डब्यात, रात्रीचीसुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची धरून डबा बंद. डब्यात लॅबनं अ‍ॅसिड घालून दिलेलं असेल तर ते पाणी समजून ओतून टाकू नका, मी असं झालेलं स्वतः बघितलंय, आणि थेट त्या डब्यात बसू नका, भाजेल, वेगळ्या भांड्यात घेऊन हळू ओता. मेटानेफ्रिनच्या टेस्टच्या आधी पॅरासिटॅमॉल घेतली असेल तर लॅबला सांगा, काही पद्धतींत तिच्यामुळं आकडा चुकतो. अक्कानं डोकं दुखतंय म्हणून घेतली होती आणि सांगितलं नव्हतं, म्हणून तिचं सॅम्पल आम्हाला दुसऱ्यांदा पाठवावं लागलं.