काका, थिबाची गोष्ट माझ्याकडून ऐकलीत त्याबद्दल

वाचनालयातल्या काकांना
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात रत्नागिरीला आले होते. वाचनालयात डोकावले तर तुमच्या खुर्चीत एक तरुण मुलगा संगणकासमोर बसलेला. तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात म्हणाला, पण नंबर काही त्याच्याकडे नव्हता. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. तुमच्या नातवंडांपैकी कुणीतरी वाचून दाखवील अशी आशा आहे.

2003चा पावसाळा आठवतोय का बघा. बाबांची मस्कतची नोकरी सुटली आणि आम्ही आजीकडे राहायला आलो. मस्कतच्या आधी बहारीन, त्याआधी कुवेत. नववीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मी बाईंना म्हणाले, "मला पाणी पिना आहे." पुढचं वर्षभर मुली मला पिना म्हणत होत्या. आळीतल्या बायका आजीच्या ओटीवर बसून विचारायच्या, "तू गो नक्की कुठची?" उत्तर मला येत नव्हतं. मग शाळा सुटली की मी तुमच्याकडे येऊन बसायचे, कारण वाचनालयात बोलायला मनाई होती.

भिंतीलगत एकच इंग्रजी कपाट होतं. त्यातून तुम्ही अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' काढून दिलीत. "इंग्रजी कादंबऱ्या मला झेपत नाहीत. पण यात आपला थिबा आहे म्हणे. वाच आणि मला सांग. मराठीतून सांगायचं हां."

तोवर थिबा पॅलेस म्हणजे माझ्या लेखी रिक्षावाल्याला सांगायची खूण होती. 1885 साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाच्या राजाला राणी सुपायालतसह आधी मद्रासला आणि 1886 मध्ये आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं, तो इथेच तीस वर्षं राहून 1916 मध्ये गेला, हे मला एका कादंबरीतून कळलं. राजवाडाही 1910 मधला, म्हणजे त्याची अखेरची थोडी वर्षंच त्यात गेली. कादंबरीतला राजा दुर्बीण लावून समुद्रातली गलबतं न्याहाळत बसतो. मी रोज चाळीसेक पानं वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलाशी उभी राहून सांगायचे. शब्द अडला की तुम्ही तो पुरवायचात आणि तोच मला पुन्हा म्हणायला लावायचात. नजरकैद, तैनात, दासी, मचवा. सहामाहीपर्यंत मी मराठीत भांडू शकत होते.

एकदा मात्र तुम्ही विचारलंत, "उमाबाई आल्या का गं अजून?" कलेक्टरच्या बायकोचं नाव मी तोवर काढलंही नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आता येतं. तुम्हाला इंग्रजी किती झेपत होतं, हे मी विचारणार नाही.

पुस्तक संपल्यावर मी विचारलं, हा लिहिणारा रत्नागिरीचा का? तुम्ही म्हणालात, "छे, तोही तुझ्यासारखाच, गावोगाव वाढलेला." त्या वाक्यासाठी हे पत्र.

मग मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. जन्म 1956, कलकत्ता. वडील आधी सैन्यात, नंतर परराष्ट्र खात्यात, त्यामुळे बालपण ढाका, कोलंबो, तेहरान असं वाटलं गेलं आणि शाळा डेहराडूनला. बरं, मूळ गाव विचारावं तर तेही नाही. पूर्वजांचं गाव पद्मेच्या काठी होतं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नदीने पात्र बदललं आणि गाव गिळलं. घराणं सरकत सरकत बिहारमध्ये गंगेकाठी येऊन स्थिरावलं. दाखवायला गावच शिल्लक नाही असा माणूस लेखक होऊ शकतो, याचा मला त्या वयात केवढा आधार वाटला होता!

1964 मध्ये ढाक्यात दंगल उसळली तेव्हा ते जेमतेम सात वर्षांचे होते. घराच्या आवारात आसऱ्याला आलेले हिंदू, बाहेर जमाव. पुढे कळलं की त्याच सुमारास कलकत्त्यात हेच मुसलमानांच्या वाट्याला येत होतं. ही आठवण 'इन अॅन अँटिक लँड'मध्ये येते आणि तीही भलत्याच ठिकाणी. ऑक्सफर्डच्या मानववंशशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी ते इजिप्तच्या एका खेड्यात राहिले होते. तिथले लोक सुंता आणि प्रेतं जाळणं यांवरून प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडतात. सगळे हसतात, हा माणूस मात्र उठून जातो. का, तर ढाक्यातली ती रात्र आठवते. वर्गातल्या 'पिना'ने ते पान तीनदा वाचलं होतं. माझं दुःख त्यापुढे चिमूटभर, पण हसणाऱ्यांमधून उठून जावंसं वाटणं मला ओळखीचं होतं.

1984 च्या शीखविरोधी हिंसाचारात ते दिल्लीत होते. त्यानंतर लिहिलेल्या 'द शॅडो लाइन्स'मध्ये ढाका पुन्हा आलं. ही कादंबरी 1988 ची, तिला पुढच्या वर्षी साहित्य अकादमी मिळालं. मला ती सगळ्यांत आवडते. पहिली, 'द सर्कल ऑफ रीझन', मला दोनदा अर्ध्यावर सोडावी लागली. 'गन आयलंड'मधले योगायोग तर इतके की तुम्ही टेबलावर बोट आपटून "पुरे" म्हणाला असता.

2001 मध्ये 'ग्लास पॅलेस' राष्ट्रकुल पुरस्काराच्या अंतिम फेरीकडे निघाली असताना त्यांनी ती मागे घेतली. राष्ट्रकुल हे साम्राज्याचंच उरलेलं नाव आणि त्यात फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्यांनाच जागा, हे त्यांना पटेना. थिबाला ज्यांनी आपल्याकडे आणून टाकलं त्यांच्याच नावाची माळ थिबाच्या पुस्तकाने घालायची नाही. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि बराच वेळ काही बोललात नाही.

बारावीनंतर मी पुण्याला गेले. 'सी ऑफ पॉपीज' 2008 ची, ती तुम्हाला सांगायची राहूनच गेली. आयबिस नावाच्या जहाजावरून गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, मॉरिशसला निघालेत, आणि जहाजावरचे खलाशी एक वेगळीच सरमिसळ भाषा बोलतात. त्यात सारंग येतो, टिंडाल येतो. मी वसतिगृहाच्या खाटेवर मोठ्याने हसले. अहो, हा टिंडाल म्हणजे आपल्या मिरकरवाडा बंदरावरचा तांडेलच की! पुढच्या 'रिव्हर ऑफ स्मोक'मध्ये मुंबईचा पारशी व्यापारी माळव्याची अफू घेऊन कँटनला जातो. मुंबईतल्या जुन्या दगडी इमारतींकडे त्यानंतर मी पूर्वीसारखं पाहू शकले नाही.

2018 चा ज्ञानपीठ त्यांना जाहीर झाला. इंग्रजीत लिहिणाऱ्याला तो पहिल्यांदाच मिळत होता. तुम्हाला फोन करावासा वाटला होता. केला नाही. ती चूक माझी.

मी आता भाषांतरं करते, बहुतेक करारनामे आणि औषधांची माहितीपत्रकं, त्यामुळे फार कौतुक नको. पण शब्द अडला की अजून तो मोठ्याने म्हणून बघते, तुमच्यासमोर म्हणायचे तसा.

अफूवरच त्यांचं 'स्मोक अँड अॅशेस' 2023 मध्ये आलंय. मी वाचून ठेवलंय. गणपतीत येईन तेव्हा सांगते. तुमचा पत्ता या पत्राखाली कुणी कळवला तर गावी येईन. फक्त मी सांगायच्या आधी पुढचं काही विचारायचं नाही.

तुमची
पिना