मॅडम, तुम्ही आधी आम्हाला काय येतं ते विचारलंत

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी पाठवता आलं असतं. पण कारखान्यात किंवा कचेरीत बदल घडवण्यासाठी म्हणून ज्यांची नेमणूक होते, त्यांनीही ते वाचावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून जाहीरपणे लिहितो आहे.

तुम्ही आमच्या प्रेस शॉपचा ताबा घेतलात तेव्हा मोठ्या प्रेसवरची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला जवळजवळ अर्धी पाळी जायची. एवढा वेळ मोडतो म्हटल्यावर एकदा चढवलेल्या डायवर प्लॅनिंगवाले महिनाभर पुरेल इतका माल काढून घ्यायचे. तो बिनमध्ये पडून राहायचा, पावसाळ्यात गंजायचा, आणि कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, आलेली उशिरा कळली की अख्खा लॉट रिवर्कला. दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर इलाज म्हणून डाय चढवणाऱ्या सेटरवर आवाज चढवला जायचा आणि भिंतीवर नवा फलक लागायचा. असे फलक आम्ही बरेच पाहिले होते.

तुम्ही फलक लावला नाहीत. युनियनच्या प्रतिनिधींना शेजारी बसवून सगळ्यांसमोर सांगितलंत, की वाचलेल्या वेळेपायी एकाचीही नोकरी जाणार नाही, तो वेळ लहान लॉट काढायला वापरायचा. आणि तेच प्लांट हेडच्या सहीनं नोटीस बोर्डावर लावलंत. माझ्या मते पुढचं सगळं त्या एका कागदामुळे झालं. पोटाची धास्ती असलेला माणूस आपल्या हातातली युक्ती कुणाला दाखवत नाही.

शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरचं नाव मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. १९५० साली हिरोशिमाच्या माझदा कारखान्यात डाय बदलताना एक बोल्ट सापडेना, आणि तो शोधत कामगार तासाभराहून जास्त वेळ फिरला. ते पाहून शिंगोंनी कामाचे दोन भाग केले: मशीन थांबवूनच करावं लागणारं, आणि मशीन चालू असतानाच उरकून ठेवता येणारं. पुढे १९६९ मध्ये टोयोटातल्या १००० टनी प्रेसची चार तासांची डाय-बदली आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आली. जपानी गोष्टी आम्ही आधीही ऐकल्या होत्या, पण त्या बोल्टपाशी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तो बोल्ट आम्हीही रोज शोधत होतो.

मग तुम्ही आमच्या डाय-बदलीचं चित्रीकरण केलंत, तेही सेटरची परवानगी घेऊन. कॅन्टीनमध्ये ते लावलंत आणि हातात खडू देऊन आम्हालाच फळ्यापाशी उभं केलंत. मशीन बंद ठेवावं लागणारं काम लाल खडूनं, आधी उरकता येणारं पिवळ्यानं. पाना आणायला जाणं, क्रेनची वाट पाहणं, पॅकिंग प्लेट शोधणं, बोल्टाच्या मापाप्रमाणे पाने बदलणं. फळा बघता बघता पिवळा झाला. पुढच्या काही महिन्यांत सगळ्या डायची क्लॅम्पिंगची उंची सारखी केली, बोल्ट एकाच मापाचे आणले, डाय नेमक्या जागी बसावी म्हणून प्रेसच्या बेडवर लोकेटिंग पिना बसवल्या, पुढची डाय आधीच ट्रॉलीवर येऊन थांबू लागली. अर्ध्या पाळीचं काम चहाच्या सुट्टीएवढ्या वेळात बसायला लागलं.

पण आभार मानायचे आहेत ते याहून वेगळ्या गोष्टीचे. हे बदल कुणाकडून करवून घ्यायचे, हे तुम्ही ज्या नजरेनं ठरवलंत, तिचे. आमच्या अप्रेझलच्या फॉर्मवर ‘सुधारणेची गरज’ हा रकाना कायम गच्च भरलेला असायचा. तुम्ही प्रत्येकाला समोर बसवून विचारलंत, ‘तुम्हाला कोणतं काम सोपं जातं? लोक तुमच्याकडे काय विचारायला येतात?’ आमच्या डाय स्टोअरमधले जुने हेल्पर काका. त्यांना अक्षरओळख जेमतेम, पण कुठली डाय कुठे आहे हे ते डोळे मिटून सांगायचे. नव्या रॅकची मांडणी तुम्ही त्यांच्याकडून करून घेतलीत आणि इंजिनिअरला नकाशा काढायला त्यांच्या हाताखाली दिलंत. इन्स्पेक्शनच्या ताईंना बोट फिरवताच बर कळायची. त्यांना विचारून पहिल्या पीसची तपासणी ठरली. त्यानंतर काका मीटिंगमध्ये मागच्या बाकावर बसलेले मी पाहिले नाहीत.

मला तुम्ही म्हणालात, ‘तुम्ही समजावून सांगता तेव्हा नवी पोरं हातातलं काम थांबवून ऐकतात. हे कधी लक्षात आलंय का?’ आलं नव्हतं. टूल अँड डायचा आयटीआय केलेला मी स्वतःला चांगला सेटर समजत होतो, तेवढंच. तुम्ही ट्रेनी पोरांची बॅच माझ्याकडे सोपवलीत. मॅनेजमेंटसमोर आमच्या क्वालिटी सर्कलचं, म्हणजे सुधारणा सुचवणाऱ्या कामगारांच्या गटाचं, सादरीकरण मीच करायचं, तेही मराठीत, हा हट्टही तुमचाच. आदल्या संध्याकाळी रिकाम्या कॅन्टीनमध्ये तुम्ही शेवटच्या खुर्चीवर बसलात आणि आवाज तिथवर पोचेपर्यंत मला पुन्हा पुन्हा बोलायला लावलंत. घरी जायला तुम्हाला किती उशीर झाला असेल, हे मला आज, स्वतः लाइन सांभाळताना कळतं.

आज आमच्या शॉपमध्ये नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मी तुमचेच दोन प्रश्न विचारतो. उत्तर लगेच येत नाही. मग मी आठवडाभर लक्ष ठेवतो आणि पुन्हा विचारतो.

यंदा खंडेनवमीला मोठ्या प्रेसची पूजा तुमच्या हातून व्हावी अशी सगळ्यांची इच्छा आहे. काकाही निवृत्त झाले आहेत, पण ते येणार आहेत. गेटपास काढून ठेवतो, फक्त किती वाजता याल ते कळवा.

तुमचा,
प्रेस शॉपमधला एक सेटर