घरमालकिणीचा प्रश्न

लायडन, नेदरलँड्स,
9 मार्च

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर तू अगदी हलक्या आवाजात विचारलेस, "एवढे तत्त्वज्ञान वाचून तुझा देव शिल्लक राहिला आहे ना गं?" मी तेव्हा विषय बदलला आणि आठवडाभर ते मनाला डाचत राहिले. घाईने उत्तर दिले असते तर ते खोटे ठरले असते, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

येथून सायकलने अर्ध्या तासावर राइन्सबर्ग नावाचे गाव आहे. तेथील एका लहानशा घरात 1661 ते 1663 या काळात स्पिनोझा हा तत्त्वज्ञ राहत होता. त्या घराचे आता संग्रहालय झाले असून, त्याच्या मृत्यूनंतर केलेल्या यादीवरून त्याच्याजवळ होते तेच सुमारे 160 ग्रंथ, त्याच आवृत्त्यांचे, शोधून तेथे मांडले आहेत. शेजारच्या खोलीत भिंगे घासण्याचे जुने यंत्र आहे, कारण भिंगे घासून तो पोट भरत असे. ते पाहताना पारायणाला बसण्याआधी पदराच्या टोकाने चष्मा पुसणारी तू डोळ्यांसमोर आलीस.

1656 साली, म्हणजे आपले तुकोबा गेल्याला जेमतेम सहा-सात वर्षे झाली होती तेव्हा, अॅमस्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यू समाजाने या तेवीस वर्षांच्या मुलाला वाळीत टाकले. त्याच्याशी कोणी बोलू नये, त्याला पत्र लिहू नये, त्याच्यापासून चार हातांच्या आत कोणी उभे राहू नये, असा तो हुकूम होता. आळंदीच्या त्या चार भावंडांची गोष्ट तुझ्या तोंडून ऐकत मी मोठी झाले, त्यामुळे हे वाचताना मला परके वाटले नाही.

त्याचा मुख्य ग्रंथ भूमितीसारखा रचलेला आहे. आधी व्याख्या, मग गृहीतके, मग एकेक प्रमेय आणि त्याची सिद्धता. बाबा दहावीला भूमिती शिकवताना एक पायरी गाळली तरी वही परत देत असत. त्याच शिस्तीने हा माणूस देवाविषयी बोलतो, आणि एखादी सिद्धता तीन-चार रात्री झगडल्यावर उलगडते तेव्हा मला जो आनंद होतो, तो तुला हरिपाठ म्हणताना होणाऱ्या आनंदाहून फार वेगळा असेल असे मला वाटत नाही. देव आणि निसर्ग ही एकाच सत्तेची नावे आहेत, तिच्या बाहेर काहीच नाही, असे तो म्हणतो. माउलींनी अमृतानुभवात जग हा चैतन्याचाच विलास मानला आहे. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणणार नाही, पण तुझ्या घरात वाढलेल्या मुलीला ही वाट ओळखीची वाटली.

मात्र एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. स्पिनोझाचा देव नवसाला पावत नाही आणि भक्तासाठी धावूनही येत नाही. जो देवावर प्रेम करतो, तो देवाने आपल्यावर उलट प्रेम करावे असा प्रयत्न करूच शकत नाही, असे एक प्रमेयच त्याने मांडले आहे. तुझी विठाई तर लेकराची हाक ऐकून धावते. या ठिकाणी तुझी आणि माझी वाट वेगळी होते, आणि ती वेगळी झाली याचे मला दुःखही आहे. पण मुक्तीही नको, संतांची संगत दे, असे तुकोबा मागतात तेव्हा तेही काही मिळवण्यासाठी प्रेम करत नसतात. तेथे मला दोघे पुन्हा जवळ आलेले दिसतात.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे लिहिले तो सांगते. शेवटची वर्षे स्पिनोझा हेगमध्ये एका चित्रकाराच्या घरी भाड्याने राहिला आणि 1677 साली तेथेच वारला. घरमालकीण ल्यूथरपंथीय ख्रिस्ती आणि भाविक होती. तिने एकदा त्याला विचारले, माझ्या धर्माने माझा उद्धार होईल का? तो म्हणाला, तुमचा धर्म चांगला आहे, दुसरा शोधण्याची गरज नाही, फक्त शांतपणे आणि भक्तिभावाने जगा. घरातल्या मुलांना तो प्रार्थनेला जायला सांगे, आणि प्रवचनात काय ऐकले ते मंडळींना आवर्जून विचारी. हे सारे ज्या धर्मोपदेशकाने लिहून ठेवले, त्याला स्पिनोझाची मते मुळीच मान्य नव्हती, म्हणून माझा त्यावर अधिक विश्वास बसतो.

आई, तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की माझा देव गेलेला नाही. मी त्याला मागणे घालत नाही, समजून घेण्याची धडपड करते, आणि हीच माझी उपासना आहे. तुझ्या वाचनात मी कधी तर्क घेऊन मध्ये येणार नाही.

आषाढवारीला मी रजा काढली आहे. लोणंदपासून तरडगावपर्यंत पालखीबरोबर तुझ्या शेजारी चालेन, आणि तुझा नवा चष्मा येथूनच करून आणेन. डोळ्यांचा नंबर तेवढा बाबांना कळवायला सांग.

बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझी,
लेक