विषय: ‘सामर्थ्याधारित’ ज्येष्ठसेवेच्या नावाखाली दिलेल्या सेवेबद्दल लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा आणि क्लिनिकल विभाग,
मुंबई कार्यालय

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनने ‘तिकीट रिझॉल्व्ह झालं आहे’ असं सांगून फोन ठेवला. काहीही रिझॉल्व्ह झालेलं नाही. यापुढे फोनवर बोलणं नको. जे आहे ते खाली लिहिलं आहे आणि उत्तरही लेखीच हवं.

पॅकेज तुमचंच आहे, त्यामुळे त्यात काय येतं हे आम्ही सांगायची गरज नसावी: बारा तासांची अटेंडंट, महिन्यातून एकदा केअर मॅनेजरची होम व्हिजिट, आणि माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेला ‘कॅन्सस मॉडेलवर आधारित स्ट्रेंग्थ्स-बेस्ड केअर प्लॅन’, म्हणजे माणसाला काय जमत नाही यापेक्षा काय जमतं आणि काय हवं आहे यावर बेतलेली सेवा. लालबागच्या चाळीत एकट्या राहणाऱ्या आमच्या आत्यासाठी (वय ८१, उजव्या मनगटाचं फ्रॅक्चर) हे पॅकेज घेतलं ते त्या शेवटच्या ओळीसाठी. नुसती बाई हवी असती तर ब्युरोतून निम्म्या पैशांत मिळाली असती.

मूल्यांकनापासून सुरुवात करतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच निघाला. केअर मॅनेजरने पहिल्या भेटीत तीन फॉर्म भरले: कॅट्झ (स्वतःची रोजची कामं), लॉटन (घर चालवण्याची कामं) आणि एमएमएसई (स्मरणशक्ती आणि समज तपासणारी ३० गुणांची चाचणी). फॉर्मबद्दल तक्रार नाही, ते जगभर वापरतात. कॅट्झमध्ये सहा गोष्टी बघतात: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठणं-बसणं, मलमूत्रावर ताबा आणि हाताने जेवणं. उजवा हात प्लास्टरमध्ये असताना यातल्या दोन-तीन ठिकाणी ‘मदत लागते’ असंच येणार. ते त्या दिवसापुरतं खरं होतं. मनगटाचं प्लास्टर साधारण सहा आठवडे असतं. ते निघालं, व्यायाम सुरू झाले, बोटं वळायला लागली. फॉर्म मात्र तोच आणि त्यावर बेतलेला प्लॅनही तोच. पुनर्मूल्यांकन झालेलं नाही. मागितलं तरी झालेलं नाही.

एमएमएसईचं प्रकरण याहून गंभीर आहे. ३० पैकी २१ गुण देऊन तुमच्या लेटरहेडवर ‘सौम्य डिमेन्शिया’ (स्मृतिभ्रंश) असा शेरा मारला आहे. हे ३० गुण कसे येतात ते तुमच्या क्लिनिकल विभागाने एकदा उघडून बघावं. कागद उजव्या हातात घ्या, घडी घाला, जमिनीवर ठेवा, याला ३ गुण. एक वाक्य लिहा, १ गुण. एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढा, १ गुण. म्हणजे पाच गुण अशा कामांचे, जी प्लास्टरमधल्या उजव्या हाताने होतच नाहीत, आणि त्या पाचही ठिकाणी शून्य आहे. चाचणी हिंदीत घेतली, आत्याचा चष्मा टेबलावर होता आणि कानातलं मशीन डबीत. हे पाच गुण बाजूला ठेवले तरी २५ पैकी २१ उरतात. आणि समजा सगळं नीट होऊन गुण कमी आले असते, तरी नुसत्या एमएमएसईवरून डिमेन्शियाचं निदान होत नाही. ही चाळणी आहे. पुढची तपासणी हवी का, एवढंच ती सांगते. निदान डॉक्टर करतात.

हा शेरा कागदावर राहिला तर काय होतं याची तुम्हाला कल्पना नसेल तर सांगतो. लालबाग-परळमध्ये चाळींचा पुनर्विकास चालू आहे, आत्याची खोली पागडीची आहे आणि पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर तिची सही लागते. उद्या कोणी हा कागद पुढे करून ‘बाईंचं डोकं जाग्यावर नाही’ म्हटलं तर तिच्या सहीला आणि मृत्युपत्राला किंमत काय राहील? सही करायला ती समर्थ आहे हे मग आम्ही कुठे कुठे सिद्ध करत फिरायचं?

आता ज्या मॉडेलचं नाव छापून तुम्ही पैसे घेता त्याबद्दल. ते १९८० च्या दशकात कॅन्सस विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात आकाराला आलं. चार्ल्स रॅप आणि त्यांचे सहकारी गंभीर मानसिक आजार असलेल्या लोकांबरोबर काम करत होते. ज्येष्ठांच्या सेवेत ते नंतर आलं. त्याचा गाभा असलेला तक्ता अवघड नाही. घर, पैसा, काम, नाती, तब्येत, विरंगुळा, श्रद्धा अशा एकेका बाबतीत तीन रकाने भरायचे: आज काय आहे, व्यक्तीला काय हवं आहे, आणि यापूर्वी काय उपयोगी पडलं होतं. मधला रकाना त्या व्यक्तीच्या शब्दांत, जसाच्या तसा. तिसरा भरायचा तर गप्पा माराव्या लागतात, आजवरचे कठीण दिवस कसे काढले असं विचारावं लागतं. त्याला एका भेटीत टिकमार्क करता येत नाही, दोन-तीन भेटी जातात.

तुमच्या फॉर्मवर पूर्वीचा व्यवसाय लिहिला आहे: ‘गृहिणी’. या बाईने गिरण्या चालू असताना पाळीच्या कामगारांची खानावळ चालवली. १९८२ च्या संपात पगार बंद झाले तेव्हा उधारीची वही सांभाळत ती चालू ठेवली. आजही चाळीतल्या भिशीचा हिशेब तिच्या तोंडी असतो, वही फक्त इतरांच्या समाधानासाठी. हे सगळं केअर मॅनेजर बसल्या होत्या त्या खुर्चीपासून हातभर अंतरावर बसलेलं होतं. त्यांनी प्रश्न विचारले ते आम्हाला: ‘या जेवतात का नीट? झोप येते का यांना?’

यावर आजचा फोन. तो सविस्तर लिहितो, कारण तुम्ही कॉल रेकॉर्ड करता, तेव्हा पडताळून बघा.

आम्ही विचारलं, ‘व्यक्तीची स्वतःची इच्छा’ हा रकाना कोरा का आहे?

‘मॅडम, ते फील्ड ऑप्शनल आहे.’

मग स्ट्रेंग्थ्सच्या रकान्यात काय आहे?

‘कोऑपरेटिव्ह, नो बिहेवियर इश्यूज असं आहे मॅडम. म्हणजे पॉझिटिव्हच आहे.’

एक्क्याऐंशी वर्षांच्या आयुष्याची जमेची बाजू काय, तर त्रास देत नाहीत. हे आम्ही शक्य तितक्या शांतपणे बोलून दाखवलं. त्यावर होल्ड. होल्डवर तुमचीच जाहिरात, आई-बाबांना त्यांच्या मनासारखं जगू द्या म्हणणारी. ती पूर्ण ऐकल्यावर सीनियर आले.

‘मॅडम, डिटेल्ड स्ट्रेंग्थ असेसमेंट तुमच्या प्लॅनमध्ये नाहीये. ते प्लॅटिनममध्ये येतं. अपग्रेड करून देऊ का?’

म्हणजे गोल्ड प्लॅनवाल्या म्हाताऱ्या माणसांत सामर्थ्य नसतं, प्लॅटिनमवाल्यांत असतं. आम्ही म्हटलं, ठीक आहे, काय हवं ते निदान तिला विचारा, ती इथेच आहे.

‘पेशंटशी आम्ही डायरेक्ट बोलत नाही मॅडम. प्रायमरी काँटॅक्ट तुम्ही आहात.’

फोन स्पीकरवर होता. आत्या म्हणाली, ‘विचार त्यांना, प्लॅटिनमच्या ताटात काय असतं?’ तुमचे सीनियर हसले, ‘क्यूट आहेत आजी’ म्हणाले आणि तिकीट बंद केलं. खानावळ चालवलेल्या बाईने दिलेला टोमणा त्यांना क्यूट वाटला, याचीही नोंद घ्या.

आता रोजचं काम. केअर प्लॅनमध्ये ‘किचन ॲक्सेस: रिस्ट्रिक्टेड’ आहे. कारण: ‘हाय फॉल रिस्क’. हा धोका मोजला कशावरून? खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, ही घड्याळ लावून करायची साधी चाचणी आहे. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर सावध व्हायचं. ती कधीच घेतली नाही. पडण्याची भीती खरी असेल तर उपाय तरी त्या घराचे हवेत. तुमचा प्लॅन म्हणतो, ‘वेस्टर्न कमोडजवळ ग्रॅब बार बसवावा.’ चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला आहे, सामायिक आहे आणि भारतीय पद्धतीचा आहे. खोलीत फक्त मोरी. इथे लागतो तो गॅलरीतला रात्रभर जळणारा दिवा, संडासाच्या भिंतीला पक्का दांडा (त्यासाठी मालकाची परवानगी), रात्रीपुरती कमोड चेअर आणि न घसरणाऱ्या चपला. केअर मॅनेजर प्रत्यक्ष त्या घरात येऊन गेल्या होत्या, यावर आमचा आता विश्वास बसत नाही.

अटेंडंट मुलगी कष्टाळू आहे, तिच्याबद्दल एक शब्द वाईट नाही. तिला शिकवलंय तेच ती करते, आणि शिकवलंय की सगळं आपणच करायचं. केस विंचरणं, ताटातली पोळी कुस्करून देणं, गोळ्या हातावर ठेवणं, सगळं तीच करते. या वयात स्नायू वापरले नाहीत तर भराभर उतरतात आणि त्यांच्याआधी उतरतो तो आत्मविश्वास. प्रशिक्षणात क्रम शिकवायचा असतो: आधी थांबा, मग शब्दाने सुचवा, मग खुणेने, मग हाताला हात लावा, आणि अगदी शेवटी स्वतः करा. याचा अर्थ माणसाला वाऱ्यावर सोडा असाही नाही. ‘स्वावलंबन’ म्हणत अटेंडंटचे तास कापणाऱ्या कंपन्याही आहेत, ती पळवाट आम्हाला नको. धोका असतो तो माणसाशी बोलून ठरवायचा असतो.

आत्याला काय हवंय ते आम्हीच सांगतो, तुमचं फील्ड ऑप्शनल असलं तरी. गणपतीत चाळीच्या नैवेद्याचे उकडीचे मोदक तिला स्वतः वळायचे आहेत. यापेक्षा चांगलं उद्दिष्ट तुमच्या फिजिओथेरपिस्टलाही सुचलं नसतं. प्लास्टर निघालेल्या हाताला पकड, बोटांची चिमूट आणि मनगटाची हालचालच परत मिळवायची असते. पहिल्या आठवड्यात डाळ-तांदूळ निवडणं. मग वाटीभर कणीक मळणं, दुखलं की थांबणं. मग कोमट उकड मळणं, गरम नाही, कोमट. त्यानंतर पारी करून पाकळ्या काढणं, सुरुवातीला दिवसाला दोन, मग पाच. ओट्याशी पाठ टेकायची सोय असलेलं उंच स्टूल, रोजचे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळीवर, पाच लिटरच्या कुकरऐवजी तीनचा, आणि स्वयंपाकाच्या वेळी साडीऐवजी गाउन, म्हणजे पदर शेगडीवर जात नाही. याला किती खर्च येतो? न पडता गेलेले दिवस मोजणाऱ्या तुमच्या ‘फॉल-फ्री डेज’च्या ॲपपेक्षा नक्कीच कमी.

आणि दार. चाळीत दिवसा दार उघडं असतं. येता-जाता कोणी डोकावतं, समोरची मुलगी शाळेतून आली की अभ्यासाला येऊन बसते, गुरुवारी भजनी मंडळाच्या बायका येतात. तुमच्याच मॉडेलचं एक तत्त्व असं की पैसे देऊन आणलेल्या सेवेआधी माणसाच्या आजूबाजूला जे आपोआप आहे ते वापरायचं. तुमच्या ‘व्हिजिटर पॉलिसी’ने ते दार आतून कडी लावून बंद केलं. इन्फेक्शन कंट्रोल म्हणे. मनगटाच्या फ्रॅक्चरमध्ये कसलं इन्फेक्शन? पॅकेज घेण्याआधी तिच्याकडे दिवसभर माणसं होती, आता फक्त अटेंडंट आहे. एवढं करून तुमच्या मासिक रिपोर्टमध्ये ‘सोशल एंगेजमेंट: लो’ असं लिहून येतं.

माहितीपत्रक वाचून तुमच्याकडून खरंच अपेक्षा वाटली होती. टाटा इन्स्टिट्यूट आणि निर्मला निकेतन ज्या शहरात आहेत, तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते मिळत नाहीत असं तुम्ही म्हणू शकत नाही. घ्यायचे नसतील तर माहितीपत्रकातून कॅन्सस तरी काढून टाका.

आमच्या मागण्या. ‘सौम्य डिमेन्शिया’ हा शेरा चुकीच्या चाचणीवर आधारलेला होता, असं लेटरहेडवर लिहून तो मागे घ्या. मूल्यांकन नव्याने करा: मराठीतून, चष्मा आणि कानातलं मशीन लावून, आत्याशी थेट बोलून, तीन रकान्यांचा तक्ता भरून, जादा पैसे न घेता. पुनर्मूल्यांकन झालेलं नाही हे पुन्हा लिहितो, कारण उद्या परत कोणीतरी ‘कम्प्लीट दाखवतंय’ म्हणेल. अटेंडंटला वर लिहिलेला क्रम शिकवा. व्हिजिटर पॉलिसी या घरापुरती आजपासून रद्द. आणि जी सेवा मिळालीच नाही तिचे पैसे परत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे नोंद होईल, मग जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीसाठी तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. तक्रार आम्ही राहतो त्या जिल्ह्यात करता येते, तुमचं मुख्य कार्यालय कुठेही असो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि माहितीपत्रकाची मूळ प्रत आमच्याकडे आहे.

अपग्रेडसाठी पुन्हा फोन करू नका. करायचाच असेल तर आत्याला करा. तिचा नंबर फॉर्मवर आहे, पहिल्या पानावर, ‘पेशंट’ लिहिलंय त्याच्या खाली.

सोबत: केअर प्लॅन, तिन्ही फॉर्मच्या झेरॉक्स, प्लास्टर काढल्याचा केसपेपर, भरलेल्या पैशांच्या पावत्या.

कुटुंबातर्फे,
पेशंटची भाची आणि तुमची प्रायमरी काँटॅक्ट