किरण कृष्णविवरातून नव्हे, त्याच्या दारातून

महोदय,
‘कृष्णविवरातून क्ष-किरणांचा झोत’ अशा धाटणीचे मथळे अधूनमधून वाचनात येतात. मग वर्गात मुले रास्त प्रश्न विचारतात: प्रकाशही सुटत नाही म्हणता, तर हे किरण आले कुठून? ते विवरातून येतच नाहीत, त्यात पडणाऱ्या वायूतून येतात. शेजारच्या ताऱ्याकडून ओढला गेलेला वायू सरळ आत कोसळत नाही. तो गरगरत तबकडी बनवतो, थरांच्या घर्षणाने आतल्या कडेला लाखो अंश तापतो आणि सीमा ओलांडण्याआधीच क्ष-किरण फेकतो. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनच्या वस्तुमानापैकी जेमतेम ०.७ टक्के ऊर्जेत बदलते. वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. इतकी विलक्षण गोष्ट मथळ्यात हरवते, याचे वाईट वाटते.

हे किरण वातावरणात अडतात, म्हणून उपग्रह लागतात. आपला ॲस्ट्रोसॅट २०१५ मध्ये आणि एक्सपोसॅट १ जानेवारी २०२४ रोजी झेपावला.

पावसाळा सरला की गंगापूर धरणाच्या बाजूला, शहराच्या दिव्यांपासून दूर, संध्याकाळी हंस तारकासमूह डोक्यावर असतो. त्याच्या मानेपाशी सिग्नस एक्स-१ हे कृष्णविवर आहे, सुमारे ७,२०० प्रकाशवर्षे दूर. ते दिसणार नाही, पण दर साडेपाच दिवसांनी त्याच्यासह एक फेरी पुरी करणारा निळा जोडीदार तारा लहान दुर्बिणीतही सापडतो. नाशिकच्या खगोलप्रेमींनी यंदा शाळकरी मुलांना तो जरूर दाखवावा.

– एक विज्ञान शिक्षिका, नाशिक